दौलू गवळ्याचा वास

डास चावू नयेत म्हणून माणसानं अंगाला काय लावावं, या एका प्रश्नावर राजनंदिनीचं आणि तिच्या वडिलांचं दीड वर्ष भांडण चाललं होतं. प्रश्न साधा वाटतो ना? दुकानात जावं, बाटली आणावी, लावावी, विषय संपला. पण अंग दौलू गवळ्याचं असलं की कुठलाच विषय असा सरळ संपत नाही.

पहिल्यांदा तिनं गवती चहाचं तेल आणलं. वास छान, पण अर्ध्या तासात उडून जायचा. दौलू पहाटे गोठ्यात शिरायचा, आठला बाहेर यायचा, मग म्हशी घेऊन पंचगंगेवर आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. दर अर्ध्या तासाला तेल चोळत बसला तर धारा कोण काढणार? मग तिनं औषधाच्या दुकानातून जालीम फवारा आणला. त्यातलं रसायन सहा तास टिकायचं. टिकलंही. पण त्या रसायनाला प्लास्टिक विरघळवायची खोड. दौलूच्या घड्याळाचा पट्टा चिकट झाला, मोबाइलच्या कव्हरवर बोटं उमटली आणि हरणी म्हशीनं त्याचा हात चाटल्यावर तिच्या तोंडातून तासभर लाळ गळत राहिली. दौलूनं बाटली उकिरड्यावर भिरकावली. शेवटी तिनं मनगटावर बांधायचं, बारीक आवाज काढून डास पळवणारं यंत्र आणलं. दुसऱ्या दिवशी दौलूनं तिला मुद्दाम गोठ्यात हाक मारली. यंत्रावरच एक डास बसला होता.

"बघ," तो म्हणाला, "गाणं ऐकाय आलाय."

"हसू नका, आबा."

"आगं, पन्नास वर्षं चावाय लागल्यात. मेलो का?"

"दोन वर्षांमागं मरता मरता वाचलात."

"वाचलो न्हवं?"

आता या माणसाशी बोलायचं तरी काय! राजनंदिनीच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. दोन वर्षांमागं दौलूला डेंग्यू झाला, तेव्हा अकरा दिवस ती दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होती. डेंग्यूचे चार प्रकार असतात. एक होऊन गेला की शरीर त्या प्रकारापुरतं शहाणं होतं. पण पुढच्या वेळी वेगळा प्रकार आला, तर जुनी प्रतिपिंडं त्याला धरतात, मारू मात्र शकत नाहीत. उलट हाताला धरून त्याला पेशीच्या आत नेऊन सोडतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू पहिल्यापेक्षा वाईट. सन २०३९च्या त्या पावसाळ्यात कोल्हापुरात नेमका दुसराच प्रकार फिरत होता आणि तो लसीलाही फारसा जुमानत नव्हता. डास दिवसा चावणारा, त्यामुळं मच्छरदाणीचा काही उपयोग नव्हता. शेजारच्या गल्लीत दोघं गेले. ही भीती घेऊन ती रोज सकाळी कामाला जायची.

आणि तिचं काम काय होतं, तर हेच. शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती आणि तिथं तीन वर्षं एकाच गोष्टीचा ध्यास होता. त्यांनी त्या गोष्टीला 'निर्गंध' असं नाव दिलं होतं.

कल्पना ऐकायला सोपी आहे. माणसाच्या ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. कातडीवर कोट्यवधी जंतू राहतात, ते घाम आणि तेलकटपणा खातात आणि त्यातून आंबट, कुबट असे शेकडो वास तयार करतात. प्रत्येकाच्या अंगावरचं हे गोकुळ वेगळं, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. डास जवळ आला की या वासावरच नेमकी जागा हेरतो. आजवरची सगळी औषधं या वासावर दुसरा वास थापायची, आणि थापलेलं कधी ना कधी उडतंच. निर्गंधवाल्यांनी उलटा विचार केला. त्यांनी कातडीवरचाच एक जंतू घेतला, त्याच्यात थोडी दुरुस्ती केली आणि त्याला वास तयार करायच्या ऐवजी वास खायला शिकवलं. एकदा अंगाला लावायचं. आठ दिवसांत हा नवा जंतू जुन्यांना हुसकून जम बसवतो. मग आंघोळ करा, घाम येऊ द्या, चार-पाच महिने डासाच्या लेखी तुम्ही म्हणजे एक दगड.

माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा स्वयंसेवकांच्या अर्जात एक अट होती: दुभत्या जनावरांशी रोजचा संबंध असणाऱ्यांनी भाग घेऊ नये. जनावरांवर अजून काहीच तपासलेलं नव्हतं, एवढंच कारण. राजनंदिनीनं ती अट तीनदा वाचली. मग वडिलांच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात तिनं 'किरकोळ दूधविक्री' असं लिहिलं आणि जनावरांच्या रकान्यात 'नाही' वर खूण केली.  तिला फक्त राग आला होता, त्या डासांचा, आबांचा आणि त्या रकान्याचाही.

दौलू तयार झाला तो कटकट मिटावी म्हणून. "एकदाच लावायचं न्हवं? मग तुझं त्वांड बंद हुतंय का?"

"कायमचं."

"आण मग."

नवव्या दिवशी पहाटे ती गोठ्यात जाऊन उभी राहिली. कोपऱ्यात डासांचा थवा घोंघावत होता. दौलू उघड्या दंडानं शेण भरत होता आणि एकही डास त्याच्याकडं फिरकत नव्हता. तिला मात्र त्यांनी पाच मिनिटांत फोडून काढलं. आनंदानं तिला तिथंच नाचावंसं वाटलं. दीड वर्षांची कटकट, आणि शेवटी जिंकलीच की ती! त्या दिवशी तिनं कामावर सगळ्यांना पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही.

पहिली तक्रार आईनं केली. पारूबाई तशी कमी बोलणारी बाई. भाकरी थापता थापता म्हणाली, "नंदा, तुझ्या बानं हे काय लावलंय गं? मागनं आलं तर कळतच न्हाई कोण आलंय. काल मी दचकून किंचाळले. तीस वर्षांचा संसार, आन् घरात परका मानूस शिरल्यागत वाटतंय."

"डास चावत नाहीत, आई. ते बघ की."

"ते बी खरंच," असं म्हणून पारूबाईनं भाकरी उलटली. पण त्या दिवसापासून ती नवऱ्याचा जुना, न धुतलेला सदरा उशाशी घेऊन झोपायला लागली. राजनंदिनीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसरी तक्रार हरणीची होती, आणि म्हैस काही भाकरी उलटून गप्प बसत नाही.

दौलूकडं सहा म्हशी. त्यांत हरणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दीड महिन्यापूर्वीच व्यालेली, दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर देणारी, आणि भलती मानी. म्हशीचं एक असतं, ओळखीचा हात असल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. कासेत दूध भरलेलं असतं, पण ते उतरायला तिच्या रक्तात एक रस सुटावा लागतो, आणि ती बिचकली की तो सुटतच नाही. हरणी दौलूची हाक ऐकून नेहमीसारखी मान वळवायची, दोन पावलं पुढं यायची, त्याचा हात हुंगायची आणि फुर्रकन मागं सरायची. आवाज धन्याचा, चेहरा धन्याचा, आणि हात कुणाचाच नाही! बाकीच्या पाचजणी कुरकुरत का होईना, निम्मंशिम्मं दूध द्यायच्या. हरणीनं मात्र दूध चोरायला, म्हणजे कासेतच अडवून धरायला, सुरुवात केली.

आणि हे सगळं चारचौघांत. गंगावेशीतल्या कट्ट्यावरची रीत ठाऊक असेल तुम्हाला. म्हैस तिथंच उभी करायची, गिऱ्हाईक समोर पेला घेऊन थांबतं आणि धार थेट त्याच्या डोळ्यांदेखत पडते. फेसाळ, कोमट दूध जागच्या जागी प्यायचं. तिथं दुधात पाणी घालायला जागाच नाही, आणि म्हैस अडली तर ते झाकायलाही नाही. त्या संध्याकाळी राजनंदिनी कामावरून तडक कट्ट्यावर गेली, तर दौलू हरणीखाली चरवी धरून बसला होता आणि भोवती आठ-दहा माणसं रिकामे पेले घेऊन उभी होती.

"दौलूमामा, म्हस रुसली काय?" एक पैलवान पोरगा म्हणाला.

"जरा दम धर."

"मामा, अर्धा तास झाला. म्हस तुमचीच हाय न्हवं? का कुणाची सोडून आणलीया?"

सगळे हसले. दौलू हसला नाही. त्यानं कास पाण्यानं धुतली, सड चोळले, हरणीच्या पाठीवरनं हात फिरवला, तिच्याशी बोलला. ती अंग आखडून उभी. शेवटी तिनं पाय झाडला आणि चरवी गडगडत रस्त्यावर गेली. दौलूनं ती उचलली, पुसली, आणि गिऱ्हाइकांकडं न बघता म्हणाला, "शेजारच्या कट्ट्यावर जावा बाबांनो." बत्तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

 घरी आल्यावर दारात चप्पल काढताना तो म्हणाला, "नंदा, हे काढून टाक माझ्या अंगावरनं."

"निघत नाही आबा ते. आपोआप जातं. फेब्रुवारीपर्यंत."

"साबण न्हाई, औषध न्हाई?"

"काहीच नाही."

हे खोटं होतं. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत प्रत्येक स्वयंसेवकाच्या नावाचा एक डबा ठेवलेला होता. त्यात एक द्रावणाची बाटली, नवा जंतू मारून टाकणारी. आणि एक बोटाएवढी कुपी, जिच्यात त्या माणसाचे स्वतःचे जुने जंतू आधीच पुसून घेऊन गोठवून ठेवलेले. म्हणजे दौलू गवळ्याचा वास तिच्या टेबलापासून दहा पावलांवर होता आणि ती रोज त्याच्यावरचं तापमान लिहून घेत होती. पण गल्लीत तिसरा माणूस गेला होता. दूध काय, पुढच्या महिन्यात येईल. आबा पुढच्या महिन्यात कुठून आणायचे?

यावर दौलूनं त्याच्या परीनं तोड काढली, आणि घोटाळा तिथंच झाला. म्हैस अडली की गवळी रेडकू पुढं करतो. रेडकानं दोन ढुशा मारल्या की आई पान्हावते, मग त्याला बाजूला घेऊन धार काढायची. दौलू रोज दोन वेळा हरणीचं रेडकू कवळ्यात उचलून कासेशी न्यायला लागला. वर आणखी एक. हरणी जवळ येऊ देत नव्हती, म्हणून त्याची सगळी माया त्या रेडकावर वळली. सकाळ-संध्याकाळ तो त्याला मांडीवर घेऊन तेलानं रगडायचा. माणसाच्या कातडीसाठी घडवलेला जंतू जनावराच्या अंगावर टिकणार नाही असं प्रयोगशाळेत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तेलाचा विचार कुणी केला नव्हता, आणि तेलकटपणा तर त्या जंतूचं खाणंच.

बाराव्या दिवशी हरणीनं रेडकाला हुंगलं आणि लाथ मारली.

एकदा नाही, दर वेळी. रेडकू ओरडत, धडपडत परत जायचं आणि ती परत मारायची. पारूबाईनं बाटलीनं दूध पाजायचा प्रयत्न केला. त्यानं तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी ते उभं राहीना. आणि गंमत म्हणावी तर बघा, त्याच्या डोळ्यांच्या कडांना माशीसुद्धा बसत नव्हती. इतकं स्वच्छ, इतकं सुरक्षित मरण राजनंदिनीनं कधी पाहिलं नव्हतं. ती तशीच उठून कामावर गेली आणि डॉक्टर हुद्दारांच्या खोलीत जाऊन सगळं बोलून मोकळी झाली.

हुद्दार म्हणजे निर्गंधचे जनक. आधी ते ओरडले. अर्जात खोटं लिहिणं म्हणजे काय, चाचणी रद्द होऊ शकते, तुझी नोकरी जाऊ शकते, हे सगळं झालं. मग ते एकदम थांबले.

"जनावराच्या कातडीवर टिकला म्हणतेस? किती दिवस?"

"सर, ते मरायला लागलंय."

"हो, हो. पण माश्या बसत नाहीत ना? बघ, दुभत्या जनावरांचं केवढं मोठं क्षेत्र आहे..."

"त्याची आई त्याला लाथा मारतेय!" राजनंदिनी इतक्या मोठ्यानं ओरडली की बाहेरचे लोक काचेतून बघायला लागले. "त्यांना एकमेकांची ओळखच राहणार नाही, सर. तुम्ही क्षेत्र कसलं मोजताय?"

हुद्दारांनी चष्मा काढला, परत घातला. शेवटी त्यांनी दौलूच्या नावाचा डबा तिच्या हवाली केला. "एकाच माणसाला पुरेल एवढं द्रावण आहे. दुसरं हवं तर समितीपुढं जावं लागेल, दोन महिने सहज. कुणाला धुवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि सोमवारी मला लेखी खुलासा दे."

दौलू गोठ्यात रेडकाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तिनं डबा त्याच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. निघतं ते. आधीपासून निघत होतं. मी खोटं बोलले.

त्यानं डब्याचं झाकण उघडलं.

"कट्ट्यावर माझं हसं झालं, तवा बी तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"तुझी आई रातचं माझा सदरा हुंगती, त्ये बी?"

"हो, आबा."

"मला इचारायचं तरी हुतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतं!" तिला रडू फुटलं, आणि रडण्यापेक्षा जास्त चीड. "तुम्हाला म्हशी दिसतात. मला तुम्ही दिसता, त्या दवाखान्यात, नाकात नळी घातलेले. मी काय करायचं? सांगा की! काय लावायचं होतं मी तुम्हाला?"

 दौलूनं बाटली उचलून उजेडात धरली. "हेच्यात रेडकू धुवून निघंल?"

"निघेल. पण मग तुम्हाला पुरणार नाही."

"मला कोण लाथा मारतंय," तो म्हणाला. "पानी तापव जा."

दौलूनं लांबूनच पाणी ओतलं आणि राजनंदिनीनं रेडकू धुतलं, कानांच्या मागं, खुरांच्या मध्ये, शेपटीच्या बुडात. मग त्याला पुसून, दौलूनं हात न लावता, राजनंदिनीनं ते हरणीपुढं नेऊन ठेवलं. हरणीनं हुंगलं. लाथ मारली नाही. पण जवळही घेतलं नाही. तेव्हा पारूबाईनं हरणीच्याच दाव्याजवळची ओली वैरण आणून त्याच्या पाठीवर घासली. हरणीनं परत हुंगलं, आणि मग जी चाटायला लागली ती थांबेचना. संध्याकाळी रेडकू पीत होतं. दौलू लांब, दारात उभा राहून बघत होता, कारण जवळ जायची आता त्याला मनाई होती.

बाटलीच्या तळाशी थोडं द्रावण उरलं. फार तर दोन हात निघाले असते.

"मनगटापातुर धुतो," दौलू म्हणाला. "आन् ती कुपी बी लाव. म्हशीला माझं त्वांड कुठं बगायचंय, हात ओळखीचा असला की झालं."

"चार दिवसांत दंडावरचे जंतू परत हातावर पसरतील. आणि ते चार दिवस हात डासांना उघडे राहतील. पुढं काही झालं तर?"

"पोरी," तो म्हणाला, "आता इचारतोय न्हवं मी तुला? तू न्हाई म्हन, ऱ्हातो असाच."

हे मात्र वाईट होतं. खोटं बोलणं त्यापेक्षा सोपं गेलं होतं. आपल्या एका 'नाही'वर तो फेब्रुवारीपर्यंत दारात उभा राहील, हे तिला दिसत होतं. तिनं त्याचे हात ओढून घेतले आणि कुपी फोडली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्याबरोबर कट्ट्यावर गेली. माणसं पेले घेऊन उभी होती, तो पैलवान पोरगाही होता. दौलूनं हात पुढं केला. हरणीनं तो हुंगला, आणखी एकदा हुंगला, आणि मान खाली घालून चाटला. त्यानं सडाला हात घातला मात्र, चरवीत पहिली धार वाजली.  दौलूच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतले होते म्हणून त्याला ते पुसताही येत नव्हतं.

तेवढ्यात राजनंदिनीला तो दिसला. काळा, पायांवर पांढरे पट्टे, डेंग्यूचा. दौलूच्या अंगाभोवती त्यानं एक घिरटी घातली, काहीच न सापडल्यासारखा भरकटला, आणि मग सरळ खाली उतरून मनगटावर बसला.

तिचा हात वर गेला. चापट मारली तर हरणी बिचकणार. दूध चढवणार, आणि आता कुपी नव्हती. हात तसाच हवेत राहिला. मग ती मटकन खाली बसली, त्या शेणामुतात, गुडघ्यांवर, आणि त्याच्या मनगटावर हळूच फुंकर मारली. डास उडाला. परत आला. तिनं परत फुंकर मारली.

"काय कराय लागलीस?" दौलूनं न हलता विचारलं.

"तुम्ही धार काढा."

डासाला लांबून माणूस कळतो तो त्याच्या उच्छ्वासावरून. हे तिच्याइतकं त्या कट्ट्यावर कुणाला ठाऊक होतं? फुंकर मारणं म्हणजे डासाला आवतण देणं. आणखी दोन आले. पण ते आता मनगटाकडं जात नव्हते, तिच्या तोंडाशी घोटाळत होते. एक तिच्या गालावर बसला. तो टोचल्याचं तिला स्पष्ट कळलं. तिनं तो हाकलला नाही. चरवी अजून अर्धी व्हायची होती, म्हणून तिनं श्वास भरून घेतला आणि पुढची फुंकर मारली.